खाकी कागदावरचं गाव

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली आहे. वरच्या वॉर्डांतून तिथे फाटक्या चादरी येतात आणि धड होऊन परत जातात. हे काम गेली सत्तावीस वर्षं एकच बाई करताहेत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे आणि ते तिथेच राहिलं आहे. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना कात्रीबाई म्हणतात. एक कात्री गळ्यात नाडीला लटकलेली असते आणि दुसरी तोंडात. पहिली हरवली तरी दुसरीवर काम भागतं असं मेट्रन म्हणतात, पण स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतल्यावरच म्हणतात.

बाईंचा स्वभाव कळायचा असेल तर पेशंटच्या झग्याची गोष्ट ऐकायला हवी. इस्पितळाचा झगा मागून उघडा असतो. मानेवर एक नाडी, पाठीवर एक नाडी, आणि त्याखालचा सगळा कारभार देवाच्या हवाली. बाई कामाला लागल्या त्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ एका हातात सलाइनची बाटली आणि दुसऱ्या हातात झग्याची मागची बाजू धरून संडासाकडे निघालेले त्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी झग्याला चार बोटं कापड जास्त घेतलं आणि खाली तिसरी नाडी लावली. कापड जास्त लागतंय म्हणून भांडारातून चिठ्ठी आली. मग दुसरी आली. मग भांडारप्रमुख स्वतः जिना उतरून आले. बाईंनी मशीन थांबवलं नाही. "माणूस आजारी पडलाय, बेशरम नाही झालेला," एवढंच म्हणाल्या. चिठ्ठ्या बंद झाल्या आणि तिसरी नाडी आजही आहे.

तर अशा या बाईंनी एका बाबतीत मात्र एकतीस वर्षं मात खाल्ली होती, आणि तीही घरातल्याच माणसाकडून.

त्यांचे यजमान बसवर ड्रायव्हर. साडेसात हजार फुटांवर डोंगरात एक गाव आहे, त्या गावाला जाणारी दुपारची गाडी त्यांच्याकडे. आठवड्यातून तीनदा वर, तीनदा खाली. स्वयंपाकघराच्या दारामागे डेपोचा ड्युटीचा तक्ता चिकटवलेला असायचा आणि घराचा संसार त्या तक्त्यावर चालायचा. पाहुणे कधी बोलवायचे, दळण कधी आणायचं, भांडण कधी करायचं, सगळं तक्ता पाहून. लेक लहान असताना कुणी दारात येऊन बाबांची चौकशी केली की ती गंभीर चेहऱ्याने "बाबा वर गेले" असं सांगायची, आणि नवखा माणूस चपला काढता काढता थबकायचा.

लेकीचा जन्म झाला तेव्हा बाबा वरच होते. तिला गोवर निघाला तेव्हाही वर. बाईंचे वडील गेले तेव्हा निरोप वर पोचेपर्यंत इकडे सगळं आटोपलं होतं. दर वर्षी बाई म्हणायच्या, एकदा आम्हालाही न्या. दर वर्षी उत्तर ठरलेलं, पुढच्या वर्षी नक्की. एका वर्षी दरड कोसळली होती, एका वर्षी गाडीचं इंजिन उतरवलं होतं, एका वर्षी थंडी फार होती आणि एका वर्षी म्हणे पुरेशी नव्हती. बाईंनी त्या गावाचा राग धरला, सवतीचा धरावा तसा. नवरा आठवड्यातून तीन रात्री तिच्याकडे काढतो आणि घरी येऊन वर तिचं कौतुकही सांगतो, हे कोणती बायको ऐकून घेईल?

कौतुक तर फारच होतं. ड्रायव्हर गोष्ट सांगायला बसले की लेक जेवण विसरायची. वरच्या गावात एक तळं आहे आणि त्यात पांढऱ्या पोटाच्या होड्या आहेत. एक घड्याळाचा मनोरा आहे, तो कायम सात मिनिटं मागे चालतो आणि गावातले लोकही सात मिनिटं मागेच चालतात, त्यामुळे कुणालाच उशीर होत नाही. एक बाक आहे, त्यावर बसलं की बर्फाची पाच शिखरं दिसतात. एक वाट अशी आहे की ढग माणसाच्या घोट्याएवढे चालत येतात. आणि एक मधवाली म्हातारी आहे, ती गिऱ्हाइकाचा चेहरा बघून ठरवते कुणाला कुठला मध द्यायचा. लेक मोठी झाली, तिला मुलगी झाली, आणि त्याच गोष्टी आता नऊ वर्षांची नात ऐकत होती.

आठ महिन्यांपूर्वी ड्रायव्हर निवृत्त झाले. दारामागचा तक्ता उतरला आणि भिंतीवर त्याचा फिकट चौकोन राहिला. ड्रायव्हर त्या चौकोनासमोर खुर्ची टाकून बसू लागले. आता तर काही अडचण नाही, असं म्हणून बाईंनी एका संध्याकाळी विषय काढला. नातीला शाळेची सुट्टी होती, लेकीला शनिवार-रविवार मोकळा होता. लेक म्हणाली, जावयाची गाडी घेऊन जाऊ. ड्रायव्हर म्हणाले, दुसऱ्याच्या शेजारी बसून डोंगर चढायला मी अजून मेलो नाही. बरं मग, बसने जाऊ. त्यावर त्यांनी यादीच काढली. शनिवारी गर्दी असते. पाऊण रस्ता खणून ठेवलाय. तिथे बघण्यासारखं काही उरलं नाही. आणि शेवटी हुकमाचं पान टाकलं: "उंचीवर तुला श्वास लागेल. तुझं वय काय, ब्लडप्रेशर काय. काही झालं तर जबाबदार कोण?"

बाई दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत छातीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांच्या अंगातला कोट बाईंनी तीनदा दुरुस्त केलेला, त्यामुळे रांग लागली नाही. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, छातीचा आलेख काढला, व्हरांड्यात सहा मिनिटं भराभर चालवलं आणि लिहून दिलं, जायला हरकत नाही. पहिल्या दिवशी धावपळ नको, पाणी भरपूर, गोळी चुकवायची नाही, धाप लागली तर सरळ खाली यायचं. बाईंनी तो कागद घरी आणून दारामागच्या फिकट चौकोनात चार टाचण्यांनी लावला. मेट्रनने शनिवारची रजा नाकारली तेव्हा बाईंनी ऑपरेशनला लागणाऱ्या साठ चादरी आगाऊ शिवून त्यांच्या टेबलावर रचल्या, इतक्या उंच की पलीकडच्या मेट्रन दिसेनाशा झाल्या. ढिगामागून हात आला आणि रजेवर सही झाली.

राहिला बेत. शनिवारी दुपारी पोचायचं आणि रविवारी दुपारी निघायचं, म्हणजे हातात एक दिवस. एका दिवसात तळं, मनोरा, बाक, वाट आणि म्हातारी. कुणाच्या नंतर कोण, हे ठरवायला हवं होतं. नातीने वहीत 'आजोबांची यादी' लिहून दिली आणि बाईंनी ती आपल्या पद्धतीने हाताळायला घेतली.

बाईंची पद्धत एकच. कुठलंही काम आधी खाकी कागदावर कापायचं. झगा असो, मोडलेल्या हाताची झोळी असो, आधी कागदाचे तुकडे, तुकड्यांच्या कडेला जोडाच्या खाचा, खाचेला खाच भिडली की मग कापडाला कात्री. त्यांनी वरचं गावही तसंच कापायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत तळ्याचा एक तुकडा कापला, मनोऱ्याचा एक, बाकाचा एक. रोज संध्याकाळी सहज विचारल्यासारखं करून ड्रायव्हरांना एकेक गोष्ट विचारायची आणि दुसऱ्या दिवशी खाच पाडायची. स्टँडवरून तळं किती लांब? दहा मिनिटं. तळ्यावरून मनोरा दिसतो का? दिसतो की, पाण्यात पडछाया पडते. लेकीला फोन करून तिच्या लहानपणच्या गोष्टीही विचारून घेतल्या. तिला सगळ्या तोंडपाठ होत्या.

चौथ्या दिवशी बाई तुकडे मांडून बसल्या आणि ते जुळेचनात. स्टँडवरून तळं दहा मिनिटांवर होतं, पण लेकीच्या गोष्टीत तिथे जायला घोड्यावर तासभर लागत होता. मनोऱ्याची पडछाया तळ्यात पडत होती आणि तोच मनोरा दुसऱ्या गोष्टीत टेकडीच्या पलीकडे होता. बाकावर बसलं की पाच शिखरांमागून सूर्य उगवायचा, आणि मधवाल्या म्हातारीच्या गोष्टीत त्याच शिखरांमागे तो मावळायचा. बाईंनी तुकडे फिरवले, उलटे केले, पुन्हा मांडले. सत्तावीस वर्षांत तुकडे जुळले नाहीत तर त्याची दोनच कारणं निघाली होती. एक तर माप चुकलेलं असायचं, नाहीतर तुकडे एका कपड्याचे नसायचे.

त्या दिवशी बाईंनी मशीनवर एक सरळ शिवण तिरकी घातली. धुलाईवाल्याने ती पाहिली आणि शहाणपणा करून तोंड बंद ठेवलं.

रविवारी दुपारी ड्रायव्हर खिडकीची काच पुसत होते. निवृत्त झाल्यापासून ही काच दिवसातून दोनदा पुसली जायची, अर्धगोल अर्धगोल, बसची पुढची काच पुसतात तशी. बाईंनी कागदाचे तुकडे त्यांच्या पायाशी जमिनीवर मांडले आणि विचारलं, स्टँडवरून तळं कुठल्या बाजूला. ते म्हणाले, डावीकडे. परवा उजवीकडे होतं, बाई म्हणाल्या. मग वाट वळत असेल, ते म्हणाले. काच पुसणारा हात मात्र थांबला होता.

"अहो, माझ्याकडे बघा," बाई म्हणाल्या. "तुम्ही ते गाव पाहिलंय का?"

ड्रायव्हरांनी फडक्याची घडी घातली. मग घडीची घडी घातली. मग तिथेच, तुकड्यांच्या शेजारी, जमिनीवर बसले आणि एकतीस वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगितलं. गाडी वर पोचायची ती अंधार पडल्यावर. सहा तास घाट चढून हातपाय लाकूड झालेले असायचे. स्टँडच्या मागेच ड्रायव्हर-कंडक्टरांची विश्रांतीची खोली. तिथे आठ खाटा आणि ओल्या मोज्यांचा वास. एकुलती खिडकी होती ती वर्कशॉपच्या भिंतीकडे तोंड करून. दोन घास खायचे, आडवं व्हायचं, आणि पहाटे पाचला, उजाडायच्या आत, गाडी खाली काढायची. उन्हाळ्यात कधी उजेड लवकर पडलाच तर गाव आरशात दिसायचं. मागे जाताना, आणि तेही पहिल्या वळणापर्यंत.

आणि गोष्टी? गोष्टी पॅसेंजरांच्या. खाली येणारी माणसं ड्रायव्हरच्या पाठीमागे बसून बोलत यायची. कुणी तळ्याचं बोलायचं, कुणी बाकाचं, कुणी मध घेतल्याचं. कुठलं तळं, कुठली टेकडी, ते ड्रायव्हर काय विचारणार. ते सगळं कानात साठवायचे आणि घरी येऊन लेकीला द्यायचे.

"लेक विचारायची ना, बाबा तुम्ही वर कुठे राहता," ड्रायव्हर म्हणाले. "आता मोज्यांचा वास काय सांगायचा पोरीला. आपला बाप चांगल्या जागी असतो असं वाटू दे म्हटलं. एकदा सांगितलं, मग मागे फिरता येईना. घाटात गाडी मागे घेता येत नाही."

कुणाला वाटेल की बाईंचे डोळे भरून आले असतील. तसं काही झालं नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं बाई त्या तळ्यावर जळल्या होत्या. लेक तापाने फणफणलेली असताना, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवताना, त्यांनी मनातल्या मनात त्या पांढऱ्या पोटाच्या होड्या एकेक करून बुडवल्या होत्या. आणि आता हे गृहस्थ सांगत होते की होडी नव्हतीच, खाट होती. एवढा राग फुकट गेला, याचा राग वेगळाच असतो.

"मग तर मी जाणारच," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हर म्हणाले, जा, तू जरूर जा, पोरींनाही ने, पण मला यात ओढू नकोस. नात स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारेल, आजोबा, तळं कुठे. सगळा जन्म ड्रायव्हरने कुणाला रस्ता विचारला नाही, आणि आता त्या पोरीसमोर तोंडघशी पडायचं?

"तोंडघशी पडायला आधी उभं राहावं लागतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही आठ महिने खुर्चीतच आहात."

सोमवारी सकाळी दारामागच्या चौकोनात, डॉक्टरांच्या कागदाशेजारी, नवा तक्ता लागला. खाकी कागदावर पट्टीने रेघा मारलेल्या. शनिवार, सुटण्याची वेळ सकाळी सहा. ड्रायव्हर: डेपो देईल तो. कंडक्टर: कात्रीबाई. पॅसेंजर: लेक, नात आणि आजोबा. दुपारपर्यंत 'आजोबा' खोडलेलं होतं. बाईंनी पुन्हा लिहिलं. मंगळवारी पुन्हा खोडलं. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हती, जे काही भांडण होतं ते दारामागे चाललं होतं. बुधवारी बाईंनी तक्ता काढून कामावर नेला आणि लाल दोऱ्याने त्यावर 'आजोबा' शिवून आणलं, चादरीवर वॉर्डाचा नंबर शिवतात तसं, दुहेरी टाक्याने. शाई खोडता येते. टाका उसवावा लागतो, आणि ते ड्रायव्हरांना सात जन्मांत जमलं नसतं. ते नुसते त्या अक्षरांकडे बघत बसले.

शनिवारी पहाटे बाई उठल्या तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाईंनी बॅग उचलली, गोळ्यांची डबी तपासली आणि मागे वळून न बघता दार ओढून घेतलं. हाक मारली नाही. एकतीस वर्षं हाका मारून झाल्या होत्या.

डेपोत लेक आणि नात आधीच आल्या होत्या. आजोबा कुठेत, नातीने विचारलं. येतील तर येतील, बाई म्हणाल्या, गाडी कुणासाठी थांबत नाही हे त्यांनीच शिकवलंय. खिडकीची जागा त्यांनी स्वतः घेतली. शेजारची रिकामी ठेवली आणि तिच्यावर आपली पिशवी ठेवली, आणि येईल त्या माणसाला "आहे कुणीतरी" असं सांगू लागल्या. असं चार माणसांना सांगून झालं. सहाला तीन मिनिटं कमी असताना घंटी वाजली. बाईंनी समोरच्या काचेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण मान काही कात्रीसारखी आपल्या हातात नसते. फाटकातून ड्रायव्हर येत होते. अंगात ठेवणीतला स्वेटर, पायात पॉलिश केलेले बूट. चालत आले ते थेट ड्रायव्हरच्या दाराशी. दांडीला हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला. आत बसलेला तरुण ड्रायव्हर घाईने उठून उभा राहिला आणि त्याने नमस्कार केला. ड्रायव्हर तसेच क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी पाय खाली घेतला, गाडीला पुढून वळसा घातला आणि पॅसेंजरच्या दाराने वर चढले. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली.

घाट लागला आणि ड्रायव्हरांना कंठ फुटला. हे वळण चुलीचं, इथे इंजिन तापतं. हे सुनेचं, अचानक फिरतं. आता पुढच्या तिसऱ्या वळणावर कान बसतील, आवंढा गिळा. नातीचे कान बरोबर तिसऱ्या वळणावर बसले आणि तिने आजोबांकडे देवाकडे बघावं तसं बघितलं. तिच्या हातातलं वेफर्सचं पाकीट न उघडता उशीसारखं फुगलं, त्याचंही कारण त्यांनी सांगितलं. दर वळणावर त्यांचा उजवा पाय फळीवर दाबला जात होता, तिथे ब्रेक नसताना. एकेचाळीस वळणं त्यांनी एकेचाळीस नावांनी सांगितली. शेवटचं वळण संपलं, झाडांमधून कौलं दिसायला लागली, आणि ड्रायव्हर गप्प झाले. दुपारच्या लख्ख उन्हात ते गाव त्यांनी कधी समोरून पाहिलं नव्हतं. रस्ता संपला आणि त्यांची माहितीही संपली. बाईंनी पाहिलं की त्यांनी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे.

स्टँडवर उतरल्यावर हवा नाकात गार सुईसारखी शिरली. बाई दोन मिनिटं उभ्या राहिल्या, सावकाश श्वास घेतला, पाणी प्यायल्या. ठीक होत्या. नातीने वही काढली.

"आजोबा, तळं कुठल्या बाजूला?"

बाईंना सांभाळून घेता आलं असतं. आधी जेवू, मग बघू, असं काहीतरी. शब्द ओठांवर आलेही होते. त्यांनी ते गिळले. ही शिवण त्यांची नव्हती.

ड्रायव्हरांनी डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. "मला माहीत नाही, बाळा," ते म्हणाले. "मी हे गाव पाहिलेलं नाही. तळं, मनोरा, सगळं मी लोकांकडून ऐकलंय."

नात वहीकडे बघत राहिली. लेकीचा चेहरा उतरला. तिचं सगळं लहानपण त्या तळ्याकाठी गेलं होतं. ती काहीतरी बोलणार होती, पण त्याआधी बाईंनी बॅग उचलली.

"मग जे पाहिलंय ते आधी दाखवा," त्या यजमानांना म्हणाल्या. "तळं पळून जात नाही."

विश्रांतीची खोली स्टँडच्या मागे होती. ड्रायव्हर पुढे, बाकी तिघी मागे. दाराशी पहारेकरी आडवा आला. ही स्टाफची खोली, बायकामाणसांना आत जाता येत नाही, नियम आहे. ड्रायव्हर लगेच मागे सरले, नियम त्यांना ठाऊक होता. बाई सरल्या नाहीत.

"या खोलीला मी एकतीस वर्षं नवरा दिलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला पाच मिनिटं द्या."

पहारेकऱ्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा त्यांच्या गळ्यातल्या कात्रीकडे पाहिलं, जी प्रवासातही उतरली नव्हती, आणि तो बाजूला झाला.

आत आठ खाटा होत्या. मोज्यांचा वास होता. खिडकी होती, आणि खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर भिंत होती, ओली, काळी, एका कोपऱ्यात शेवाळ धरलेली. ड्रायव्हर एका खाटेशी जाऊन उभे राहिले. ही माझी, म्हणाले. बाई त्या खाटेवर बसल्या. लोखंडी पट्ट्या मधोमध खाली गेल्या होत्या, एका माणसाच्या वजनाने जाव्यात तेवढ्या. बाई बराच वेळ तिथे हात ठेवून बसल्या. गोवर, ताप, वडील गेले तो दिवस, प्रत्येक वेळी हा माणूस इथे होता, या भिंतीकडे बघत. त्यांना नवऱ्याची कणव आली आणि डेपोचा संताप आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तोंडातून काहीच निघालं नाही. कात्रीबाईंच्या बाबतीत हे प्रथमच घडत होतं.

लेक खिडकीपाशी उभी होती. "बाबा, ढग घोट्याएवढे चालत येतात, ते इथे पडून सुचलं?"

"ते एका कॉलेजच्या मुलीने सांगितलं होतं," ड्रायव्हर म्हणाले. "घोटे मी घातले."

लेक हसली. हसता हसता तिने बापाच्या दंडावर डोकं टेकलं आणि मग ते हसणं राहिलं नाही. नातीने वहीत आजोबांच्या यादीच्या सगळ्यात वर, तळ्याच्याही आधी, लिहिलं: खोली. आणि पुढे बरोबरची खूण केली.

बाहेर आल्यावर चौघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. एक रस्ता डावीकडे चढत होता, एक उजवीकडे उतरत होता. बाईंना लगेच पुढे होऊन विचारता आलं असतं, त्यांना कुणाची भीड नव्हती. पण त्या थांबल्या. कंडक्टरने कधी थांबायचं हे त्यांना कळत होतं. कोपऱ्यावर एक बाई गाजरं विकत होती. ड्रायव्हर स्वेटर खाली ओढत तिच्याकडे गेले. सबंध जन्मात त्यांनी कुणाला विचारला नव्हता तो प्रश्न त्यांनी विचारला.

"बाई, इथे एक तळं आहे म्हणे. कुठून जायचं?"

गाजरवालीने त्यांच्याकडे, त्यांच्या चकचकीत बुटांकडे आणि मागे उभ्या असलेल्या तिघींकडे पाहिलं. "पहिल्यांदाच आलात वाटतं?"

"हो," ड्रायव्हर म्हणाले. "पहिल्यांदाच. बायकोने आणलं."